निनाद मांडवगणे यांच्या फोटोखाली काय लिहायचं

दर २७ फेब्रुवारीला नाशिकच्या ग्रुपांवर स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे फोटो फिरतात. फिरायलाच हवेत. भोसला मिलिटरी स्कूलचा हा माजी विद्यार्थी २०१९ मध्ये त्याच दिवशी वयाच्या ३३ व्या वर्षी गेला. १ मार्चला गोदाकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा देशभरचे कॅमेरे वाघा सीमेवर पाकिस्तानच्या ताब्यातून सुटणाऱ्या वैमानिक अभिनंदन यांची वाट पाहत होते. पण फोटोखालचा मजकूर वाचवत नाही. कुठे ‘तांत्रिक बिघाडामुळे’, कुठे ‘शत्रूच्या विमानाशी झुंजताना’, आणि मागे चित्र सुखोई लढाऊ विमानाचं!

मांडवगणे एमआय-१७ व्ही५ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरचे वैमानिक होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. ही कुजबूज नाही. हवाई दलप्रमुख राकेशकुमार भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला पत्रकार परिषदेत ते जाहीरपणे मान्य केलं आणि ही मोठी चूक होती, असंही सांगितलं. तरी आपल्याकडे ते लिहायला लोक कचरतात. खरं लिहिल्याने त्यांचं शौर्य कमी होतं, असं वाटत असावं. मला तो समज साफ चुकीचा वाटतो. वर युद्धासारखी परिस्थिती असताना उड्डाणाचा हुकूम आला आणि ते गेले, यात शौर्य आहेच. त्यांना मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) मिळालं, ते सत्य बाहेर आल्यानंतर.

झालं काय, ते नीट समजून घ्या. आदल्या दिवशी पाकिस्तानातल्या बालाकोटवर आपला हवाई हल्ला झालेला. २७ च्या सकाळी पाकिस्तानी विमानं राजौरीच्या बाजूला आली आणि श्रीनगरचा तळ पूर्ण सज्ज होता. दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर श्रीनगरहून उडालं आणि काही मिनिटांतच बडगाममध्ये पडलं. श्रीनगर विमानतळ मुळात बडगाम जिल्ह्यातच आहे, म्हणजे हे सगळं घराच्या अंगणात घडलं. क्षेपणास्त्र डागलं गेलं ते इस्रायली बनावटीच्या स्पायडर या हवाई संरक्षण यंत्रणेतून, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

आपलं कोण आणि परकं कोण, हे रडारच्या ठिपक्यावरून कळत नाही. त्यासाठी आयएफएफ, म्हणजे आपला-परका ओळखणारी यंत्रणा, असतं. जमिनीवरचं यंत्र १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवतं, विमानातला ट्रान्सपॉंडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. लष्करी प्रकारात हे उत्तर सांकेतिक असतं आणि संकेत ठरलेल्या वेळी बदलतात. उत्तर बरोबर आलं तर ‘आपला’. उत्तर आलं नाही तर ‘अनोळखी’, एवढंच. ‘शत्रू’ नाही! उत्तर न येण्याची कारणं साधी असतात: स्विच बंद, जुना संकेत भरलेला, अँटेना धडाआड किंवा डोंगराआड गेलेली, नाहीतर यंत्रच बिघडलेलं. काश्मीर खोऱ्यात डोंगरांची कमतरता नाही. बडगाम प्रकरणात आयएफएफ बंद होतं आणि जमिनीवरचे लोक व हेलिकॉप्टरमधला चमू यांच्यात समन्वय नव्हता, असं चौकशीतून बाहेर आलं.

या दोन गोष्टींत मला दुसरी जास्त गंभीर वाटते. आयएफएफ बंद पडू शकतं हे धरूनच खबरदारीची बाकीची साखळी उभारलेली असते. उड्डाणाला हवाई संरक्षणाची परवानगी लागते, येण्याजाण्याचा मार्ग, उंची आणि वेळ ठरवून दिलेली असते, आणि ती माहिती क्षेपणास्त्राच्या तुकडीपर्यंत पोचवावी लागते. शिवाय डागण्याच्या मुभेच्या पायऱ्या असतात. सर्वांत कडक पायरीवर हुकूम आल्याशिवाय किंवा स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय डागायचं नाही. मधल्या पायरीवर शत्रू म्हणून पक्कं ओळखलेल्यावरच डागायचं. सर्वांत सैल पायरीवर ‘आपला’ असं सिद्ध न झालेल्या कशावरही. जिथे आपलीच विमानं-हेलिकॉप्टरं चढत-उतरत असतात, त्या तळाभोवती शेवटची पायरी जीवघेणी ठरते. नाशिकजवळ देवळालीला लष्कराच्या तोफा चालतात आणि गांधीनगरच्या लष्करी तळावरून हेलिकॉप्टरं उडतात, त्यामुळे एकाची वेळ दुसऱ्याला कळवणं म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

‘आपलेच लोक बेशिस्त’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी स्वतःचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ जण गेले. त्या भागासाठी आयएफएफचा वेगळा संकेत होता आणि हेलिकॉप्टरवाले बाहेरचाच वापरत होते. मार्च २००३ मध्ये अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटिशांचं टोर्नेडो लढाऊ विमान पाडलं, दोघेही गेले. तिथेही आयएफएफचं उत्तर पोचलं नव्हतं आणि यंत्रणेने विमानालाच क्षेपणास्त्र ठरवलं. दोन्ही ठिकाणी चौकशीचे अहवाल लोकांपुढे आले. त्यांतूनच बाकीचे शिकले. आपला अहवालही, गुप्त भाग वगळून, यायला हवा होता.

‘फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) का सोडले नाहीत?’ हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलेल्या एमआय-१७ वर फ्लेअरची सोयच नव्हती, तिथे तो प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या तळाशेजारी, स्वतःच्याच तुकडीकडून मारा होईल हे कोण धरून चालेल?

आणखी एक. बडगाम प्रकरणात २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने हवाई दलाच्या तेव्हाच्या एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली, प्रकरण न्यायालयातही गेलं. एका माणसाचं नाव घेऊन शिव्या घालणाऱ्या पोस्टी कृपया पुढे ढकलू नका. साखळी एका जागी तुटत नाही.

यंदा पोस्ट टाकाल तेव्हा हुद्दा स्क्वॉड्रन लीडर लिहा, चित्र एमआय-१७ चं लावा, कारण खरं लिहा. आणि नावं सहा लिहा: निनाद मांडवगणे, सिद्धार्थ वशिष्ठ, विशालकुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार. जमिनीवर गेलेला सातवा, बडगामचा स्थानिक तरुण, त्याचाही उल्लेख करा.