उंच चेंडू झेलणे शिकवता येत नाही, हे खरे नाही

आयर्लंडमध्ये हर्लिंग शिकवणाऱ्या प्रशिक्षकांत आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि आता तो मोबाइलवरूनही तितक्याच ठामपणे पुढे पाठवला जातो. उंच चेंडू हाताने झेलणे ही उपजत देणगी आहे. ज्याच्याकडे उंची आणि धाडस आहे त्याला ते आपोआप जमते, इतरांना शिकवून उपयोग नाही. प्रशिक्षकाने फार तर मुलांच्या घोळक्यावर उंच चेंडू मारत राहावेत. आणि तसेही गोलरक्षक आता जवळच्याच खेळाडूला चेंडू देऊ लागल्याने या कौशल्याचे दिवस भरले आहेत, असे त्याचे स्वरूप आहे. यांतले उंचीबद्दलचे विधान अर्धेमुर्धे खरे आहे. बाकीची तपासणीत टिकत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. दोन्ही संघांत प्रत्येकी 15 खेळाडू असतात, प्रत्येकाच्या हातात हर्ली नावाची चपट्या पात्याची लाकडी काठी असते आणि स्लिटर हा चामडी चेंडू 110 ते 120 ग्रॅम वजनाचा असतो, म्हणजे आकाराने साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाने बराच हलका. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडूखाली एकटा, दोन्ही हात मोकळे ठेवून उभा असतो. येथे एका हातात हर्ली असते, शेजारी प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उडी घेत असतो आणि त्याची हर्लीही त्याच चेंडूकडे झेपावत असते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर 20 मीटर उंचीवरून खाली येणारा चेंडू सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने हातावर आदळतो.

आता उंचीचा मुद्दा. बाकी सर्व गोष्टी समान असतील तर उंच खेळाडू वरचढ ठरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयर्लंडमधील लिमरिक काउंटीच्या अलीकडच्या संघातील गियरॉइड हेगार्टीसारखा उंचापुरा खेळाडू पाहिला की ते पटतेच. परंतु बाकी गोष्टी क्वचितच समान असतात. चेंडूखाली आधीच जाऊन पाय रोवून उभा राहिलेला खेळाडू आपली उंची स्वतःच वाया घालवतो, तर त्याच्याहून 10 सेंटिमीटर बुटका खेळाडू दोन पावले धावत येऊन 40 सेंटिमीटर उडी मारतो, तेव्हा त्याचा हात 30 सेंटिमीटर वर पोहोचतो. उशिरा निघणे, धावत येणे, एका पायावर उडी घेऊन दुसरा गुडघा वर उचलणे आणि चेंडू डोक्याच्या मागे नव्हे तर किंचित पुढे घेणे, यांपैकी एकही गोष्ट जन्मतः मिळत नाही.

देणगीचा दावा सर्वांत घट्ट रुजलेला आहे आणि सर्वांत कच्चाही तोच आहे. खेळाडू हर्ली आपल्या सवयीच्या, जोरकस हातात धरतो, त्यामुळे चेंडू झेलण्याचे काम दुसऱ्या हाताकडे येते. उजवा हात चालणाऱ्या मुलाला डाव्या हाताने, तोही डोक्याच्या वर, वेगाने येणारी वस्तू पकडायची असते. ज्या हाताने त्याने आजवर फारसे काही पकडलेले नाही, तोच हात उपजत तयार असेल अशी अपेक्षा करणे विचित्र आहे. नवशिक्यांचा हात ताठ राहतो आणि चेंडू तळव्यावर आपटून उडतो. बोटे पसरलेली पण सैल, आणि चेंडू लागताक्षणी हात थोडा मागे घेणे, ही सवय भिंतीवर चेंडू मारून आणि जोडीदाराने हाताने उंच फेकलेल्या चेंडूवर लावून घ्यावी लागते. किलकेनी काउंटीच्या संघातील टीजे रीडचे झेल पाहून लोक देणगीबद्दल बोलतात, कारण त्यांना दिसतो तो फक्त शेवटचा क्षण. त्याआधीची दोन-तीन पावले कोणी पाहत नाही.

धाडसाविषयी अधिक सविस्तर बोलायला हवे, कारण या शब्दाआड बराच आळस लपतो. या खेळाचे नियमन करणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने 2010 पासून सर्व स्तरांवर हेल्मेट सक्तीचे केले आहे, त्यामुळे डोक्याची आणि चेहऱ्याची धास्ती पुष्कळ कमी झाली. पण हेल्मेट बोटांचे रक्षण करत नाही. मूल चेंडू येताना डोळे मिटते किंवा हात आखडते, ते भित्रे असते म्हणून नव्हे; हाताला काठी लागेल हा त्याचा अंदाज बरोबर असतो म्हणून. यावर उपाय उपदेशाचा नसून तंत्राचा आहे: झेलणाऱ्या हातासोबत स्वतःची हर्लीही वर न्यायची, म्हणजे समोरून येणारा फटका आधी लाकडावर बसतो, आणि खांदा व पाठ वापरून प्रतिस्पर्ध्याला चेंडूपासून दूर ठेवायचे. हे आधी मऊ चेंडूवर, मग खऱ्या चेंडूवर पण प्रतिस्पर्ध्याविना, मग नुसत्या उभ्या राहणाऱ्या जोडीदारासमोर आणि शेवटी खऱ्या झुंजीत, असे टप्प्याटप्प्याने केले की ज्याला आपण धाडस म्हणतो ते बहुतांशी आपोआप येते. थेट शेवटच्या टप्प्यावर ढकललेले मूल मात्र एकच गोष्ट नीट शिकते, आणि ती म्हणजे डोळे मिटणे.

यातूनच घोळक्यावर उंच चेंडू मारत राहण्याच्या सल्ल्याचे उत्तर निघते. बारा मुलांच्या गर्दीत चेंडू पडतो तेव्हा हात लागतो एखाद्याचा, आणि तोही बहुधा आधीपासून जमत असलेल्याचाच. बाकीची अकरा धक्के खातात. त्याच वेळेत जोड्या करून सराव घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला अनेक झेल येतात, आणि कोणाचा हात ताठ आहे, कोण लवकर उडी मारते, हे प्रशिक्षकाला दिसू शकते. घोळक्याचा सराव अजिबात नको असे नाही. खाली सुटलेला चेंडू कोण उचलतो हे शिकवायला तो उपयोगी आहे. झेल शिकवायला नाही.

राहिला प्रश्न हे कौशल्य कालबाह्य झाल्याचा. कॉर्क काउंटीच्या संघाने 2004 आणि 2005 साली अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले तेव्हा गोलरक्षक डोनल ओग क्युसॅकच्या आखूड, नेमक्या पकआउटची, म्हणजे गोलरक्षकाने चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या फटक्याची, मोठी चर्चा झाली, आणि त्या पद्धतीचा प्रभाव खराच आहे. परंतु प्रतिस्पर्धी पुढे सरकून जवळचे पर्याय बंद करतो तेव्हा गोलरक्षकाला चेंडू लांब मारावाच लागतो. 2020 ते 2023 अशी सलग चार विजेतेपदे मिळवणाऱ्या लिमरिकच्या खेळात हवेत चेंडू जिंकणारी मधली आक्रमक फळी हा महत्त्वाचा भाग होता. झेल घेणाऱ्याला नियमही सवलत देत नाहीत: हातात चेंडू घेऊन चारच पावले टाकता येतात, आणि एका ताब्यात चेंडू दोनदाच हाती घेता येतो, ज्यातली एक वेळ हवेतच खर्च झालेली असते. म्हणून जमिनीवर उतरता उतरता कोणत्या बाजूला वळायचे हेही झेलाच्या सरावातच शिकवावे लागते, आणि बहुतेक सराव चेंडू हातात आल्याबरोबर थांबवले जातात.