डोळा गेलेलं इंजिन

जहाजावर नोकरीला असताना काकांनी हॅम्बुर्गहून आणलेलं मेर्क्लिन या जर्मन कंपनीचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात आहे. वय माझ्याएवढंच, साठीपुढचं, पण धावतं माझ्यापेक्षा बरं. गेल्या दिवाळीत त्याचा पुढचा दिवा गेला. गेला म्हणजे नातवानं घालवला. या इंजिनाला उलटं फिरवायचं तर एरवीच्या 16 व्होल्टऐवजी क्षणभर 24 व्होल्टचा झटका द्यावा लागतो. त्या झटक्यात दिवा लख्खकन मोठा होतो. हे कळल्यावर सहा वर्षांचं पोर थांबतंय होय! पुढं, मागं, लख्ख. पुढं, मागं, लख्ख. मग नुसतंच पुढं, मागं.

"दिवाच की हो, खडेबाजारात मिळेल," ही म्हणाली.

इंजिन पिशवीत घालून निघालो. रेल्वे गेटवर अडकलो, तर समोरून खरी गाडी दिवा वटारून गेली. अगदी मुद्दाम.

पहिल्या दुकानातल्या पोरानं शेंगदाण्याएवढा तो दिवा चिमटीत धरला. "किती वॅटचा?"

"वॅट नव्हे, व्होल्ट. 16."

"12 चा घ्या की काका. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा."

दुसऱ्यानं न बघताच "इल्री", म्हणजे कानडीत 'नाही', म्हटलं. तिसऱ्यानं बॅटरीचा दिवा काढला. त्याचं मळसूत्र ई10, आमचं ई5.5. ई म्हणजे एडिसन आणि आकडा म्हणजे मळसूत्राचा व्यास, मिलीमीटरमध्ये. उंदराच्या बिळात रेडा घालण्यातला प्रकार.

"एलईडी लावा, जन्मभर बघायला नको," म्हणत चौथ्यानं तिथंच डाग देऊन टाकला. घरी एलईडी एकदाच चमकली. आमची गाडी एसीवर, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते, मध्ये डायोड आणि रेझिस्टन्स लागतो, हे मला वासावरून समजलं.

शेवटी शहापुरातल्या रेडिओवाल्या मामांकडं गेलो. त्यांच्याकडं जुन्या रेडिओच्या डायलचे दिवे श्रीखंडाच्या डब्यात भरलेले, पण सगळे 6.3 व्होल्टचे. "हे लावलात तर एकदाच दिवाळी," म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी इंजिन उलटंपालटं केलं, चाकं फिरवून कानाशी धरली.

"मागं पण दिवा हाय की हो."

"आहे की."

"पेटतोय?"

"पेटतोय."

मामांनी जळकी एलईडी उपटली, मागचा दिवा अलगद फिरवून काढला आणि पुढं बसवला. पैसे घेईनात. "मागचं कोण बघतंय?"

संध्याकाळी गाडी डौलात सुटली, दिवा पिवळाधमक. नातवानं टाळ्या पिटल्या आणि हात ट्रान्सफॉर्मरकडं नेला.

"आजोबा, आता मागं?"