‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा विट्याला जाऊन यावं

दर दोन-तीन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. धंदा मराठी माणसाच्या रक्तातच नाही, बाहेरचे आले आणि आपले धंदे बळकावून बसले, ते एकमेकांना धरून असतात आणि आपण पाय ओढतो, शिवाय इथे कमावलेला पैसा ते गावी पाठवतात. खाली ‘मराठी असाल तर पुढे पाठवा’. परवा शाळेच्या ग्रुपवर तो पुन्हा आला. पाठवणारा आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, विट्याकडचा, म्हणून हे लिहायला बसलो. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं.

आधी रक्ताचं बघू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जवळच भिलवडीत १९३९ मध्ये चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केला. ही नावं घेतली की ठरलेलं उत्तर येतं: ते शिकलेसवरलेले, त्यांचं सोड, कुणब्याच्या पोराचं सांग.

बरं, सांगतो. खानापूर-आटपाडीचा पट्टा दुष्काळी. इथली शेतकऱ्याची पोरं पिढ्यानपिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जा. छोटीशी खोली, भट्टी, मूस, तेजाबाचा वास आणि आत सांगलीकडची मराठी. मोडीचे दागिने आटवायचे, हीण वेगळं काढायचं, शुद्ध सोनं सराफाला परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे आहेत. दहावीत गचकलेला भाचा मामाबरोबर जायचा. पहिली दोन वर्षं झाडू, स्वयंपाक आणि भट्टी. मग नुसत्या कसावरून टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, सांगता येऊ लागला की मामाच त्याला दुसऱ्या गावात बसवून द्यायचा. तोवर तो तमिळ किंवा मल्याळम फाडफाड बोलत असायचा. जत्रेला आमच्याकडे त्या-त्या राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या लागतात. त्या कुणाच्या, ते ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

आता ‘बळकावले’. तिकडच्या बाजारात आमचा मामा बाहेरचाच होता की. त्याने कुणाचं हिसकावलं? आगीपाशी बसून तेजाबाचा धूर गिळायचं काम तिथल्या फारशा कुणाला नको होतं, ते त्याने उचललं. मुंबईतही हेच घडलं. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेली पोरं दिवसा हॉटेलात कपबश्या विसळायची आणि रात्री कन्नड नाइट स्कूलमध्ये बसायची. रामा नायकांनी माटुंग्यात १९४२ मध्ये उडुपी भोजनालय काढलं, म्हणून दादरच्या मामा काण्यांचा बटाटेवडा काही बंद पडला नाही. आणि एक खोचक प्रश्न: परप्रांतीयाने ‘बळकावलेल्या’ गाळ्याचं भाडं कुणाच्या खात्यात जमा होतं? आमच्या पेठेत तरी बहुतेक मालक मराठीच आहेत. चार पैसे जास्त मिळाले की भाडेकरूची भाषा कुणी विचारत नाही.

‘ते एकमेकांना धरून असतात’, हे मात्र खरं आहे. पण त्यातच पहिला दावा खोटा पडतो, कारण मग धंदा रक्ताने होत नाही, पहिली उधारी कोण देतं आणि पहिली रात्र कुणाच्या खोलीवर काढता येते, त्यावर होतो. उडुपीत १९२५ मध्ये पुढे सिंडिकेट बँक झालेली पेढी निघाली. १९२८ पासून तिचा माणूस दारोदार फिरून रोजचे दोन-दोन आणे गोळा करू लागला. तीच पिग्मी. आज आपल्या पतसंस्थेचा पोरगा संध्याकाळी टपरीवर मशीन घेऊन येतो, ती चाल त्या लोकांची. आणि आपण पाय ओढतो म्हणाल, तर आमच्या भावकीत बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ कोइमतूरला एकाच भट्टीवर वीस वर्षं बसले. भावकी बांधावर ठेवून गेले होते.

पैसा गावी जातो, हो, जातो. विट्याच्या आसपासचे बंगले, विहिरी, देवळांचे कळस तमिळनाडू-केरळच्या पैशानेही उभे आहेत. तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. उलट बाजूने लिज्जत बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला पापड. तो लाटून घर चालवलेल्या मराठी बायका मोजायला बसलात तर दिवस पुरायचा नाही.

फॉरवर्डमागची चीड सगळीच खोटी आहे, असं मी म्हणत नाही. दादर-ठाण्यात गल्ल्यावरच्या माणसाला मराठी कळू नये, याचा मलाही राग येतो. मामा तर मल्याळम शिकला होता. तारण नसलेल्या पोराला बँक दारात उभं करत नाही आणि फुटपाथवर बसायचं तर हप्ता मागतात. पण हप्ता मागणारा कोण असतो, ते फॉरवर्डमध्ये कधी लिहिलेलं नसतं.

ग्रुपवर मी एवढं सगळं टाकलं नाही. त्याला फक्त विचारलं, थोरल्या चुलत्यांची त्रिशूरची भट्टी कशी चाललीय? तासाभराने उत्तर आलं, ‘‘बरी चाललीय. पण ते वेगळं रे.’’