आकडा झाकून प्रकल्प वाचा

क्राउडफंडिंगच्या, म्हणजे एखादी नवी वस्तू बनवण्यासाठी लोकांकडून आधीच थोडे थोडे पैसे जमवण्याच्या, कुठल्याही वेबपानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय असतं? जमलेली रक्कम. वस्तू कशाची बनणार, कुठे बनणार, एका वस्तूला खर्च किती, हे खाली कुठेतरी असतं. बऱ्याचदा नसतंच. नजर आधी आकड्यावर जाते आणि निर्णय तिथेच होऊन जातो: इतक्या जणांनी पैसे घातलेत म्हणजे त्यांनी बघितलं असेलच. पण त्या इतक्या जणांपैकी बहुतेकांनीही असंच धरलेलं असतं.

बिखचंदानी, हिर्शलायफर आणि वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली हे फार साध्या रीतीने मांडलं. पहिल्या दोघांचं मत एकाच बाजूला पडलं की तिसरा स्वतःला दिसणारी गोष्ट बाजूला ठेवून त्यांच्यामागे जातो. तिथून पुढे कोणाच्याच निर्णयात नवी माहिती नसते. हजार नावांची यादी दिसते, पण तिच्यात खरी मतं दोनच असू शकतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरचे एकही पैसा न आलेले २०० प्रकल्प घेतले, त्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडले आणि संशोधकांनी स्वतःच त्यांना थोडे पैसे दिले. या निम्म्यांपैकी ७० टक्क्यांना पुढे आणखी पैसे देणारे भेटले. उरलेल्यांपैकी फक्त ३९ टक्क्यांना. दोन्ही गटांत गुणवत्तेचा फरक नव्हता. फरक होता तो पहिल्या पैशाचा.

मोहिमा चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी महिनोन्‌महिने ईमेलची यादी जमवायची, ओळखीच्यांना पहिल्या दोन दिवसांत पैसे घालायला सांगायचं आणि लक्ष्य मुद्दाम खाली ठेवायचं. मग 'तीन तासांत लक्ष्य पूर्ण' असं मिरवता येतं. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत घातक आहे ते खाली ठेवलेलं लक्ष्य. किकस्टार्टरचा नियम असा की लक्ष्य गाठलं नाही तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. देणाऱ्यासाठी ते कुलूप आहे. पण काम उभं करायला तीन लाख लागणार असताना लक्ष्य पन्नास हजार ठेवलं, तर ते कुलूप आधीच फोडलेलं असतं. साठ हजार जमतात, पैसे कापले जातात आणि काम मात्र होऊच शकत नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गर्दी जास्त झाली तरी कल्पना मरते.

'कूलेस्ट कूलर' ही ब्लेंडर, स्पीकर आणि चार्जर बसवलेली बर्फपेटी. २०१३ च्या अखेरीस सव्वा लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून केलेली पहिली मोहीम फसली. २०१४ च्या उन्हाळ्यात सुधारलेलं रूप घेऊन आणि लक्ष्य पन्नास हजारांवर आणून ती परत आली, तेव्हा ६२ हजारांहून जास्त लोकांनी एक कोटी बत्तीस लाख डॉलर दिले. नंतर कळलं की लोकांकडून घेतलेल्या किमतीत ती पेटी बनवून पोचवणं परवडतच नाही. पैसे उभे करायला कंपनीने तीच पेटी खुल्या बाजारात चढ्या भावाने विकायला काढली आणि आधी पैसे दिलेले ताटकळत राहिले. २०१९ च्या अखेरीस कंपनी बंद झाली, तेव्हा सुमारे २० हजार जणांच्या हाती काहीच आलं नव्हतं.

असं का होतं, ते हिशोबाने बघा. वस्तूची किंमत १०० धरू. बनवणं आणि खोकं ५०, पाठवणं १५, खराब निघालेल्या बदलून देणं ५, क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळाचं आणि पेमेंटचं शुल्क मिळून जवळपास १०. उरले २०. त्यातून साचे, प्रमाणपत्रं आणि पगार. आता बनवण्याचा खर्च दीडपट झाला, म्हणजे ७५ वर गेला, तर प्रत्येक वस्तूमागे ५ चा तोटा. ५०० ऑर्डरी असतील तर खड्डा २,५०० चा, कुठून तरी भरून निघेल. ५०,००० असतील तर अडीच लाखांचा. साचे आणि पगार अजून धरलेलेच नाहीत.

कामाचं स्वरूपही बदलतं. थ्री-डी प्रिंटरवर काढलेला नमुना झकास चालतो. तोच भाग साच्यातून काढला की प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, जाड जागी खळगे पडतात, झाकण बसत नाही. मग पोलादी साचा दुरुस्तीला जातो आणि आठवडे निघून जातात. १०० पैकी २ वस्तू बिघडलेल्या निघाल्या, तर ५०० मागे दहा होतात, त्या टेबलावर बसून नीट करता येतात. ५०,००० मागे एक हजार होतात, त्यांना वेगळी माणसं लागतात. त्यात मोहीम रंगात आल्यावर 'इतके जमले तर आणखी एक रंग, आणखी एक सोय' अशी वचनं दिली जातात. प्रत्येक रंग म्हणजे वेगळा साठा, प्रत्येक सोय म्हणजे नवी चाचणी. क्राउडफंडिंगचे अभ्यासक इथन मॉलिक यांच्या २०१४ च्या अभ्यासात ७५ टक्क्यांहून जास्त प्रकल्पांनी वस्तू उशिरा दिल्या होत्या, आणि किती उशीर होणार याचा संबंध किती पैसे जमले याच्याशी होता.

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, हे इथे लागू पडत नाही. पैसे आज जातात, ठेच वर्ष-दीड वर्षाने लागते. तोपर्यंत मागचे सगळे पैसे देऊन मोकळे झालेले असतात.

म्हणून पैसे देण्याआधी रकमेवर खरोखर हात ठेवा आणि बाकीचं पान वाचा. नमुना न कापलेल्या सलग व्हिडिओत चालताना दिसतो का? खर्चाची फोड दिली आहे का? लिथियम बॅटरी असेल तर वाहतुकीच्या चाचणीचा उल्लेख आहे का? साचे झालेत की व्हायचेत? पहिल्या खेपेला कमाल संख्येची मर्यादा घातली आहे का? ही मर्यादा घालणाऱ्यांवर माझा सर्वांत जास्त विश्वास बसतो. आणि एक प्रश्न थेट विचारा: ऑर्डरी दहापट आल्या तर काय बदलेल? ज्याने काम केलंय तो साचा, सुटे भाग, तपासणी याबद्दल बोलेल. ज्याने केलं नाही तो 'मग आणखी स्वस्त पडेल' एवढंच म्हणेल.

अनुदान देणाऱ्या समित्यांतही एकामागे दुसऱ्याने जाण्याची हीच लाट असते, फक्त खोली बंद असते. ज्येष्ठ सदस्य आधी बोलतो, बाकीचे माना डोलावतात. त्यावर उपाय सोपा आहे. चर्चेआधी प्रत्येकाने गुण लिहून द्यावेत, सर्वांत नव्या सदस्याने आधी बोलावं आणि नुसती सरासरी काढू नये. सगळ्यांकडून ६ मिळालेला प्रस्ताव आणि निम्म्यांकडून १०, निम्म्यांकडून २ मिळालेला प्रस्ताव सरासरीत सारखेच दिसतात. खरी नवी कल्पना दुसऱ्या प्रकारात सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा प्रस्तावांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका अनुदान योजनेत याहून धीट पाऊल टाकलं. प्रस्ताव पात्र आहे की नाही एवढंच तज्ज्ञ ठरवतात, आणि पात्र ठरलेल्यांतून सोडत काढून पैसे दिले जातात.