खुलासा : नांगरणी थांबवली म्हणून वाशिष्ठीचा पूर थांबत नाही

चिपळूण-खेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘भातशेतीत नांगरणी-चिखलणी बंद करा. एका पावसाळ्यात जमीन सुधारेल, खत-औषध लागणार नाही आणि वाशिष्ठीला पुन्हा पूर येणार नाही.’

यातलं नांगरणीचं म्हणणं खरं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात कायमचे गादीवाफे (मातीचे उंच वाफे) असतात, चिखलणी (पाणी साठवून मातीचा चिखल करणं) आणि रोपांची लावणी नसते आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात. ती कुजून सेंद्रिय कर्ब (मातीचा कस राखणारा कुजका अंश) वाढतो, गांडुळं येतात, पाणी मुरतं, माती वाहून जात नाही. पण हे व्हायला काही हंगाम जातात. आणि या पद्धतीत तणनाशक वापरतात, खतही देतात. त्यामुळे ‘काहीच लागणार नाही’ हे चूक.

पुराचं गणित तर वेगळंच आहे. सह्याद्रीचा तीव्र उतार, अतिवृष्टी, पात्रातला गाळ, वर समुद्राची भरती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते अशा कारणांच्या साखळीमुळे. भातखाचरं हा पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पाणी नदीला मिळतं त्या भागाचा, एक तुकडा. डोंगरउतारावरची झाडं तुटत राहिली तर गाळ येतच राहणार. शेतातली माती शेतात राहिली तर नदीत तेवढा गाळ कमी जाईल, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पहिल्याच वर्षी खत बंद करून कुणाचं पीक बसलं, तर तो शेतकरी या चांगल्या पद्धतीकडे पुन्हा वळणार नाही. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.