माळ्यावरची मांजरी आणि टॉर्चचा कागद

विजापूर रोडवरच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. "लॅबमध्ये नळ्या हलवणाऱ्यांनी डॉक्टरकी करू नये" हे वाक्य जन्मभर नळ्याच हलवलेल्या बाईला लागणारच. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, तेव्हा त्यातली काळजी दिसली. म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी ताईंचं म्हणणं थोडक्यात सांगते. सुनेचं दोनदा पोट पडलं. दुसऱ्या वेळेनंतर, गेल्या वर्षी, टॉर्च तपासणी केली (गर्भाला बाधणाऱ्या काही जंतूंची रक्ततपासणी, त्यात मांजरामुळे बदनाम झालेला टॉक्सोप्लाझ्मा पहिला), ती पॉझिटिव्ह आली. आता पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना आहे, आणि टॉर्च पुन्हा पॉझिटिव्ह. त्यात माळ्यावर मांजरी व्यालीय. मुलगा म्हणतो, पोत्यात घालून होटगी रोडला सोडून येतो. अशा घरात माझा मागचा लेख वाचला गेला, ज्यात मी लिहिलं होतं की मांजर बिचारी निर्दोष आहे आणि टॉर्च उगाच करू नका. ताई विचारतात, बाळाला काही झालं तर तुम्ही येणार का?

आधी माझी चूक. "निर्दोष" हा शब्द मी फार सैल वापरला. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली तो ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, पण त्यात मांजराचा हात काय हे कळायला १९७० उजाडावं लागलं. ते शोधणाऱ्यांत जितेंद्र दुबे हे भारतात जन्मलेले पशुवैद्य होते. या जंतूची टणक कवचाची बीजं फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. तेव्हा मूळ मांजराशीच पोचतं, हे मान्य.

पण पुढचं ऐका. मांजर ही बीजं बहुधा आयुष्यात एकदाच सोडतं, पहिल्यांदा लागण झाल्यावर आठवडा ते तीन आठवडे. ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, बीज पिकायला एक ते पाच दिवस लागतात. तुमच्या माळ्यावरची आई बहुतेक तो काळ उरकून बसली असेल. पिल्लं शिकारीला लागली की त्यांची पाळी येईल. म्हणून माळ्याची घाण रोजच्या रोज काढायची, ती मुलाने काढायची, सुनेने नाही. मांजरीला मांडीवर घेतल्याने, तिचे केस अंगाला लागल्याने हा रोग सहसा होत नाही. युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांची पाहणी झाली होती, २००० साली प्रसिद्ध झाली. तिथे मोठा वाटा कच्च्या-अर्धकच्च्या मांसाचा निघाला, काही वाटा मातीचा. घरात मांजर असण्याचा संबंध दिसला नाही.

आपल्याकडे मटण गाळ होईस्तोवर शिजवतात, त्यामुळे ताटातल्या रश्श्याची भीती नाही. ६७ अंशांच्या वर आतपर्यंत शिजलं की हा जंतू मरतो. भीती आहे ती कच्चा खिमा मळलेल्या हाताची, तीच सुरी कांद्याला लावण्याची, आणि निखाऱ्यावर नुसतं भाजून खाल्लेल्या काळजाची. शेळीचं दूध पौष्टिक म्हणून न तापवता देणारी घरंही मी पाहिलीत, तेही नको. आणि आपली लाडकी सवय म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेजारी कच्ची मेथी, नाहीतर कांद्याची पात. लक्ष्मी मार्केटातून आणलेली जुडी एका पाण्यातून काढून ताटात. माती तशीच चिकटलेली असते. हे महिने सुनेला मेथी शिजवून द्या.

पाण्याचं तर मी मागे लिहायलाच विसरले, आणि सोलापुरात राहून विसरले. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण हौद, पिंपं, गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवतो. ब्राझीलमधल्या सांता इझाबेल दो इव्हाई या गावात २००१-०२ मध्ये याच रोगाची मोठी साथ आली. संशय गेला गावाच्या पाण्याच्या टाकीवर, तिथे मांजरी पिल्लांसह राहत होती. क्लोरीनने ही बीजं मरत नाहीत, उकळल्याने मरतात. तुमच्या टाकीला झाकण आहे का, हे आजच बघा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारता, "लागण आहे की नाही?" हा प्रश्नच अपुरा आहे. लागण कधी झाली, हे विचारायला हवं. गरोदर राहण्याआधी कधीतरी होऊन गेली असेल आणि प्रतिकारशक्ती खचवणारा आजार किंवा औषध नसेल, तर आईच्या अंगची तयार शक्ती बाळाला राखते. धोका आहे तो गरोदरपणात पहिल्यांदाच झालेल्या लागणीचा. त्यातही उलटंपालटं गणित आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेराव्या आठवड्यातली लागण बाळापर्यंत पोचण्याचं प्रमाण ६ टक्के होतं, सव्विसाव्यात ४०, छत्तिसाव्यात ७२. पण लवकर पोचली तर नुकसान जास्त, गर्भ पडू शकतो, मेंदूत पाणी साठतं. उशिरा पोचलेलं बाळ बहुधा ठणठणीत दिसतं आणि डोळ्याच्या पडद्याचं दुखणं काही वर्षांनी वर येतं. हा रोग क्षुल्लक आहे असं मी कधीच म्हटलं नाही.

माझं भांडण आहे ते त्या कागदाशी. टॉर्चच्या कागदावर प्रत्येक जंतूपुढे रक्तातल्या प्रतिद्रव्यांचे दोन आकडे असतात. आयजीजी म्हणजे कधीतरी भेट झाली होती. आयजीएम म्हणजे बहुधा नुकतीच. हा 'बहुधा' फार फसवा आहे, कारण आयजीएम काही जणींच्या रक्तात वर्ष वर्ष रेंगाळतं आणि कधी नसलेलंही दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ सालीच डॉक्टरांना सावध केलं होतं की एकट्या आयजीएमवर निर्णय घेऊ नका. कॅलिफोर्नियातल्या एका तज्ज्ञ प्रयोगशाळेने असे नमुने फेरतपासून अर्थ समजावून सांगितला, तेव्हा त्या बायकांनी भीतीपोटी करवून घेतलेले गर्भपात सुमारे निम्म्याने घटले.

हे मला उशिरा कळलं. मी ज्या लॅबमध्ये होते तिथे (नाव कशाला) पूर्व भागातली, यंत्रमागवाल्यांच्या घरची एक पोरगी कागद न्यायला आली. "अक्का, चांगलंय ना?" आयजीएम ठळक अक्षरात, रेषेच्या जरासंच वर. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. दोन महिन्यांनी तिची सासू साखर तपासायला आली तेव्हा समजलं, पिशवी साफ करून घेतली, मूल अधू होईल म्हणून. फेरतपासणी कुणी सुचवली नव्हती, मीही नाही. त्या कागदावर सही माझी होती. टॉर्चबद्दल माझा सूर चिडका लागतो तो इथून.

आणि ताई, दोनदा गर्भ पडण्याचं कारण हा जंतू असण्याची शक्यता फार कमी. पहिली लागण एकदाच होते, ती दर वेळी गर्भ पाडत बसत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भ पडतो म्हणून टॉर्च करणं सोडून द्या असं २०११ च्या मार्गदर्शनात लिहिलंय. थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार, रक्त गोठवणारी प्रतिद्रव्यं, नवराबायकोची गुणसूत्रं यांची तपासणी झालीय का? तुमच्या प्रतिक्रियेत त्यातलं एकही नाव नाही.

म्हणून एक काम करा. गेल्या वर्षीची फाईल शोधा. "पॉझिटिव्ह" एवढंच वाचू नका, टॉक्सोप्लाझ्माच्या ओळीत आयजीजी काय आहे ते बघा. तेव्हाच आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर लागण या गर्भाच्या आधीची, आणि मग आत्ताच्या कागदाची धास्ती बरीचशी उतरते. तेव्हा आयजीजी निगेटिव्ह आणि आता पॉझिटिव्ह असेल, तर मात्र एक दिवसही घालवू नका. तज्ज्ञांकडे जा, आयजीजी अ‍ॅव्हिडिटीबद्दल (प्रतिद्रव्यं जंतूला किती घट्ट धरतात, त्या तपासणीबद्दल) विचारा. चौथ्या महिन्यापर्यंत ती जास्त निघाली तर लागण गरोदर राहण्याआधीची धरतात. कमी निघाली म्हणून लगेच नवी ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त, गरज पडली तर अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी. स्पायरामायसिन (या लागणीवर गरोदरपणात देतात ते औषध) चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका.

दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना तारखांसकट दाखवा. आणि मुलाला म्हणावं, पोतं राहू दे, आधी टाकीचं झाकण बसव.