खुलासा: व्हीटीचे नकाशे मेलबर्नला गेले नव्हते

‘मुंबईचं व्हीटी आणि मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन, दोन्हींचे नकाशे टपालात अदलाबदल झाले आणि इमारती भलत्याच शहरांत उभ्या राहिल्या’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. किस्सा झकास आहे, पण तारखांपुढे टिकत नाही.

व्हीटीचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, स्टेशनाला तिचं नाव मिळालं. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्याची स्पर्धा १८९९ ची. ती फॉसेट आणि अ‍ॅशवर्थ या तिथल्याच दोन रेल्वे कर्मचाऱ्यांनी जिंकली. इमारत पुरी झाली १९१० साली. मग अदलाबदल कशाची? पार्सल हरवायलासुद्धा दोन्ही पार्सलं एकाच काळात लागतात!

शिवाय दादाभाई नौरोजी रोडवर जाऊन व्हीटीच्या फाटकाचे खांब बघा. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवरच्या कोरीवकामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, १८९३ ची. तीही चुकून आली म्हणायची का?